पालकांना घेऊन ये, मगच वर्गात बस

वाचकाचे पत्र (नाव, गाव आणि शाळा गुप्त ठेवून थोडक्यात): कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका मराठी माध्यमाच्या सरकारी हायस्कूलमध्ये मी आठवीची वर्गशिक्षिका आहे. पटावर ३८ मुले आहेत. सातवीपर्यंत आपापल्या गावच्या शाळेत शिकून ही मुले आता बसने किंवा पायी आमच्याकडे येतात. त्यांपैकी नऊ जण जूनपासून सारखे खाडे करतात. एक मुलगी दर महिन्याला चार-पाच दिवस येतच नाही. एका मुलाचे सोमवारी हमखास पोट दुखते, शनिवारी मात्र तो न चुकता येतो. एक जण घरून डबा घेऊन निघतो आणि शाळेत पोहोचत नाही. रोप लावणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा होता आणि दिवाळीत पुन्हा तेच झाले. निरोप पाठवूनही पालक फिरकत नाहीत. आता मुख्याध्यापकांनी नियम केला आहे की, गैरहजर राहिलेल्या मुलाने पालकांना घेऊन आल्याशिवाय वर्गात बसायचे नाही आणि प्रत्येक खाड्याला दहा रुपये दंड द्यायचा. मला हा नियम मनापासून पटत नाही, पण दुसरा उपायही सुचत नाही. ज्या पालकांना शिक्षणाची किंमतच नाही, त्यांच्या मुलांसाठी आम्ही किती डोके फोडायचे?

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र त्राग्याने लिहिलेले आहे, तरी त्यात एकेका मुलाची नोंद इतकी बारकाईने आली आहे की, उत्तराचा बराचसा भाग मला तुमच्याच ओळींमध्ये सापडला. कोणते मूल कोणत्या वारी येत नाही हे ज्या शिक्षिकेला हजेरीपट न उघडता सांगता येते, तिला उपाय सुचत नाही असे मला वाटत नाही. एकाच उपायाने नऊही मुले वर्गात बसवण्याचा प्रयत्न चालल्यामुळे तो लागू पडत नसावा.

आधी त्या नियमाविषयी लिहितो, कारण तो रोज नुकसान करतो आहे. सोमवारी न आलेले मूल मंगळवारी येते आणि दारातूनच परत पाठवले जाते. त्याचे वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत पाळीवर आहेत, आई दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाते. दोघांपैकी एकाने दिवसाची मजुरी बुडवून शाळेत यायचे म्हणजे लवकरात लवकर गुरुवार किंवा शुक्रवार उजाडतो. मुलाने स्वतः केलेला खाडा एक होता, नियमाने त्यात दोन-तीनची भर घातली. काही मुले तर घरी हे सांगायलाच घाबरतात, नेहमीप्रमाणे दप्तर घेऊन निघतात आणि संध्याकाळपर्यंत बसथांब्यावर किंवा रानात वेळ काढतात. तुमच्या वर्गातला जो मुलगा डबा घेऊन निघतो आणि पोहोचत नाही, त्याचे हे वागणे नियमाच्या आधीपासूनचे आहे की नंतरचे, हे तारखा लावून तपासावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दंडाचेही तसेच आहे. दहा रुपये जवळ नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशीही घरी राहिलेले मूल कोणत्याही शाळेने पाहू नये.

कायद्याची बाजूही मुख्याध्यापकांना सांगता येईल. २००९ चा शिक्षण हक्क कायदा पहिली ते आठवीला लागू आहे, म्हणजे हायस्कूलमध्ये असूनही तुमचा वर्ग त्याच्या कक्षेत येतो. त्या कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि ज्यामुळे त्याचे शिक्षण अडेल असे कोणतेही शुल्क त्याच्याकडून घेता येत नाही. तरीही मुख्याध्यापकांशी बोलताना कायद्यापासून सुरुवात करू नये. तेही गटशिक्षण कार्यालयाला उत्तर देऊन थकलेले असणार आणि त्यांना नियमाऐवजी काहीतरी हाती हवे आहे.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो. पालकांना शिक्षणाची किंमत नाही, हे तुम्ही गृहीत धरले आहे. पण ज्यांना खरोखरच किंमत नसते, त्यांचे मूल सातवीनंतर दुसऱ्या गावच्या हायस्कूलमध्ये नाव घालण्यापर्यंत पोहोचतच नाही. कर्नाटकातील आपल्या शाळांची रचना अशी आहे की, बहुतेक गावांतील शाळा सातवीला संपते आणि आठवीला मूल गावाबाहेर पडते. नेमक्या याच टप्प्यावर अंतर, बस, नवे शिक्षक, अनोळखी सोबती आणि कठीण पुस्तके हे सगळे एकाच महिन्यात त्याच्यावर येऊन पडते. तरीही या पालकांनी दाखले काढले, पुस्तके घेतली आणि मुलाला पाठवले. ते शाळेत येत नाहीत याचे एक कारण असेही असू शकते की, शाळेने आजवर त्यांना बोलावले ते केवळ तक्रार ऐकवण्यासाठी. कमी शिकलेल्या आईला शिक्षकांच्या खोलीत उभे राहून बोलणी खाणे किती जड जाते, हे आपण शिकलेले लोक फार लवकर विसरतो.

माझी पहिली सूचना अशी आहे की, एका संध्याकाळी हजेरीपट आडवा वाचावा. शाळेत तो नेहमी उभा वाचला जातो, म्हणजे आज किती हजर आणि टक्केवारी किती. त्या टक्केवारीत नऊ मुले सहज लपतात. समजा जूनपासून शंभर दिवस शाळा भरली आणि रोज सरासरी ३६ मुले हजर राहिली, तर उपस्थिती जवळपास ९५ टक्के भरते आणि वर्ग उत्तम चालला आहे असे कोणालाही वाटेल. पण ते सगळे खाडे त्याच नऊ मुलांचे असतील, तर प्रत्येकाचे २२ दिवस बुडालेले असतात. उपस्थितीचा अभ्यास करणारे लोक साधारणपणे शाळेच्या दिवसांपैकी एक दशांश दिवस बुडणे ही धोक्याची खूण मानतात. सहावी ते आठवीसाठी कायद्याने वर्षाला २२० दिवस शाळा भरावी लागते, तेव्हा ही खूण २२ दिवसांवर येते, आणि वर्षाला २२ दिवस म्हणजे महिन्याला जेमतेम दोन-अडीच. दोन दिवसांचा खाडा ना आईला खुपतो ना शिक्षकाला, म्हणून तो वर्षभर चालू राहतो.

प्रत्येक मुलाची ओळ वाचताना शेजारी वार लिहा, पाऊस कधी लागला ते लिहा, आठवडी बाजार, गावची यात्रा आणि चाचणी परीक्षा कधी होती तेही लिहा. मग खाड्यांचे निरनिराळे आकार दिसू लागतील. जून-जुलैमध्येच सगळे खाडे असलेला मुलगा कदाचित बसच्या पाससाठी अडला असेल. मुलींना ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बसचा प्रवास मोफत आहे, मुलांना मात्र सेवा सिंधू या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून पास काढावा लागतो, आणि तो हाती येईपर्यंत रोजचे तिकीट परवडले नाही तर घरी बसण्याशिवाय मार्ग नसतो. आपल्या सीमाभागात आणखी एक गाठ असते, तीही पाहून घ्या. शिक्षणासाठी मामाकडे किंवा मावशीकडे राहणाऱ्या एखाद्या मुलीच्या आधार कार्डावर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्याचा पत्ता असेल, तर मोफत प्रवास तिला मिळत नाही. पावसाळ्यातले सलग खाडे ओढ्याचे पाणी चढल्याचे असू शकतात. मलप्रभा नदीच्या उगमाकडच्या त्या रानात सकाळच्या धुक्यात अस्वलाच्या भीतीने आईबाप मुलाला एकटे सोडत नाहीत, याला आपण निष्काळजीपणा म्हणू शकत नाही.

बसचा प्रश्न असेल तर तो नऊ घरांनी सोडवायचा नाही, शाळेने सोडवायचा आहे. भरलेली बस विद्यार्थ्यांच्या थांब्यावर न थांबता निघून जाते, अशी तक्रार तोंडी करून काही होत नाही. कोणत्या थांब्यावर किती मुले असतात, बस किती वाजता येते, कोणत्या तारखांना ती थांबली नाही, हे लिहून मुख्याध्यापक, शाळा सुधारणा समिती आणि ग्रामपंचायत यांच्या सह्यांनिशी वायव्य कर्नाटक परिवहनच्या आगारात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

रोप लावणीचे खाडे मात्र वेगळ्या जातीचे आहेत आणि त्यांच्याविषयी मला कठोरपणे बोलता येत नाही. खानापूर भागात जुलैत पाऊस साधला की चार-आठ दिवसांत लावणी उरकावी लागते, मजूर मिळत नाही आणि घरातले प्रत्येक हात चिखलात उतरतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा बालकामगार कायदा चौदा वर्षांखालील मुलाला घरच्या शेतात मदत करू देतो, पण शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुट्टीत. हे पालकांना सांगावे, मात्र त्याबरोबर तडजोडीची जागाही ठेवावी. लावणीच्या आठवड्यात नवा धडा सुरू करू नये, चाचणी ठेवू नये, आणि सकाळचे दोन तास तरी शाळेत यावे असे आधीच ठरवून घ्यावे. पुढच्या जूनमध्येच पालकसभेत हा विषय काढलात तर जुलैत भांडण उरणार नाही. घरच्या शेतातली मदत आणि वीटभट्टीवर किंवा हॉटेलात मजुरीने ठेवलेले मूल यांत मात्र कसलीही गल्लत होऊ देऊ नका. चौदा वर्षांखालचे मूल मजुरीला लागले असेल, किंवा एखाद्या मुलीच्या लग्नाची बोलणी कानावर आली, तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवणे हे आपले कर्तव्य आहे. चौदा वर्षे पूर्ण झाली की सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मुलाचा हात सोडतो, आणि ते वय नेमके आठवी-नववीतच येते, म्हणून या वर्गांच्या शिक्षकांवर इतरांपेक्षा जास्त भार आहे असे मी मानतो.

दिवाळीविषयी एक सांगावेसे वाटते. कर्नाटकातील शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला असते, तर आपल्या मराठी घरांत गणपती आणि दिवाळी हे मोठे सण. मामा कोल्हापूरला, आत्या सावंतवाडीला, आणि त्यांच्याकडे शाळांना दिवाळीची सुट्टी. भाऊबीजेला माहेरी जाणारी आई मुलाला मागे ठेवून कशी जाईल? हा खाडा शिक्षणाविषयीच्या अनास्थेतून येत नाही. शाळेच्या अधिकारात ज्या स्थानिक सुट्ट्या असतील, त्या या दिवसांना कशा जोडता येतील हे समितीत ठरवा, आणि सणानंतर मुलांनी कोणत्या तारखेला हजर व्हायचे ते आधीच लेखी कळवा.

आता सोमवारच्या पोटदुखीकडे वळतो. हे लक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आधी त्या मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा दाखवून घ्यावे, कारण जंत, रक्तक्षय किंवा खरोखरचे दुखणे असू शकते. तपासणीत काही निघाले नाही, तरी तो खोटे बोलतो असा निष्कर्ष काढू नका. भीतीने पोट खरेच दुखते. शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेत तो आनंदाने येतो, याचा अर्थ त्याला शाळा नको आहे असा होत नाही, तर सोमवारी असलेले आणि शनिवारी नसलेले काहीतरी नको आहे. वेळापत्रक समोर घेऊन बसा. ते कन्नडचे वाचन असू शकेल, गणिताचा तोंडी प्रश्न असू शकेल, मधल्या सुट्टीत दमदाटी करणारा एखादा मोठा मुलगा असू शकेल किंवा बसमधली चिडवाचिडवी असू शकेल.

कन्नडचा उल्लेख मी जाणूनबुजून केला. खानापूरच्या आतल्या गावांतून आलेल्या मुलाच्या कानावर घरात, शेतात आणि देवळात मराठीच पडते, आणि आठवीत द्वितीय भाषेचे पुस्तक उघडून सर्वांसमोर मोठ्याने वाचायची वेळ येते तेव्हा त्याला अक्षरे जुळवतानाच घाम फुटतो. मागच्या बाकावरून हसू आले की पुढच्या तासाला तो नसतो. सीमाप्रश्नाविषयी आपणा मोठ्यांची मते काहीही असोत, ज्या राज्यात या मुलाला दहावीची परीक्षा द्यायची आहे आणि पुढे काम शोधायचे आहे, तेथे त्याला कन्नड वाचता आले पाहिजे, आणि ते न हसता शिकवले गेले पाहिजे. कन्नडच्या शिक्षकांशी बोलून त्याला महिनाभर एकट्याने उभे करून वाचायला लावू नये, जोडीने वाचू द्यावे, आणि अक्षरओळख कच्ची असलेल्या चार-पाच मुलांना आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे वेगळी द्यावीत.

घरी माहीत असलेला खाडा आणि घरापासून लपवलेला खाडा यांतला फरकही लक्षात घ्यावा. पोट दुखणारा मुलगा घरातच असतो, आईला ठाऊक असते, आणि त्याला पळून जायचे असते ते कशापासून तरी. डबा घेऊन निघणारा मुलगा कशाकडे तरी जात असेल, उदाहरणार्थ मोबाईलवर खेळणाऱ्या मोठ्या मुलांच्या कोंडाळ्याकडे किंवा हाती रोख पैसे देणाऱ्या एखाद्या कामाकडे. पहिल्याला शाळेतली भीती कमी करून हवी आहे, दुसऱ्याला त्याची अनुपस्थिती त्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात येते हे कळायला हवे. पहिल्यावर सक्ती केली तर पोट आणखी दुखेल, आणि दुसऱ्याला केवळ गोंजारत बसले तर तो परतणार नाही.

महिन्याला चार-पाच दिवस न येणाऱ्या मुलीविषयी आपल्या दोघांच्याही मनात एकच कारण आले असेल. ते खरे असू शकते, पण तारखा पाहिल्याशिवाय ते ठरवू नका. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी किंवा आजारी आजीपाशी बसण्यासाठीही मुलींनाच घरी ठेवतात. तारखांत तसा क्रम दिसला, तर तिला काही विचारण्याआधी शाळेचे मुलींचे स्वच्छतागृह स्वतः पाहून या. कडी लागते का, पाणी येते का, कापड किंवा पॅड टाकायला झाकणाची बादली आहे का, आणि मधल्या सुट्टीत तेथे जाताना मुलांच्या घोळक्यातून जावे लागते का. राज्य सरकारच्या शुची योजनेतील पॅड शाळेपर्यंत येतात की नाही, याची चौकशी करा, आणि आले नसतील तर थोडे पॅड शिक्षकांच्या कपाटात ठेवून मुलींना ते ठाऊक असू द्या. हे काम तुम्ही, एक स्त्री म्हणून, मुख्याध्यापकांपेक्षा फार सहज करू शकाल.

पालकांशी संपर्क त्याच दिवशी व्हावा आणि तो बोलून व्हावा, गटावर टाकलेल्या निरोपाने नव्हे. पाळीवरून माणूस घरी पोहोचल्यावर, संध्याकाळी सातनंतर फोन करा. पहिले वाक्य असे असू द्या: 'आज तो शाळेत दिसला नाही, बरा आहे ना?' त्यानंतर आकडा सांगा: 'या महिन्यात त्याचा हा तिसरा दिवस आहे.' आपल्या मुलाचे खाडे पालकांना नेहमी खऱ्यापेक्षा कमी वाटतात, आणि आकडा शांतपणे ऐकवला की बहुतेक घरी हालचाल होते. आणि एखादा फोन मूल आठवडाभर नियमित आले म्हणूनही करा, म्हणजे शाळेचा नंबर दिसल्यावर ते फोन उचलतील.

सर्वांत जास्त जपायचा दिवस मूल परत येते तो. चार दिवसांनी वर्गात पाय ठेवणाऱ्या मुलाला सर्वांसमोर 'उगवलात का एकदाचे' असे ऐकावे लागले, तर पाचवा खाडा आपणच ठरवून दिला असे समजावे. त्याला नुसते 'बरे झाले आलास, बस' म्हणावे, चौकशी मधल्या सुट्टीत एकट्याला बोलावून करावी. त्याच्या शेजारी वह्या देणारा आणि कुठपर्यंत झाले ते सांगणारा एक जोडीदार नेमून द्यावा. गणितात तर हे फार गरजेचे आहे, कारण एक पायरी चुकली की पुढचे सगळे तास त्याला परके होतात, आणि न कळणाऱ्या तासाला बसून राहणे कोणालाही नकोसे होते.

नऊही मुलांना एकदम हाताशी धरू नका, ते एका शिक्षिकेला झेपणार नाही. आधी तीन निवडा. मन सर्वांत जास्त खाडे असलेल्यांकडे ओढ घेईल, पण मी सांगेन की ज्यांचे खाडे गेल्या महिन्या-दीड महिन्यात सुरू झाले आहेत, ते आधी घ्या. ते अजून लवकर वळतात. जुन्या खाडेकऱ्यांसाठी सीआरपी (शिक्षण खात्याची समूह साधन व्यक्ती), शाळा सुधारणा समिती आणि गावातले एखादे ऐकले जाणारे वडीलधारे माणूस यांची सोबत घेऊन घरी जावे लागेल. तुमच्या शाळेतले जे शिक्षक नववी-दहावी शिकवतात, त्यांनी आणखी एक हिशेब आताच मांडावा. दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती लागते, आणि कोणते मूल त्या रेषेजवळ आले आहे हे फेब्रुवारीत कळून उपयोग नसतो.

मुख्याध्यापकांकडे जाल तेव्हा हा आडवा वाचलेला हजेरीपट बरोबर न्या आणि एवढेच मागा की, नियम आणि दंड एक महिना बाजूला ठेवावा. त्या महिन्यात त्याच दिवशी फोन, परतलेल्या मुलाला जोडीदार आणि कन्नडची वीस मिनिटे एवढेच करून पाहावे. महिनाअखेर वर्गाची सरासरी मोजू नका. दोनपेक्षा जास्त खाडे असलेली मुले किती उरली, ते मोजा. आज ती नऊ आहेत. ती सहा किंवा सातवर आली, तरी नियम परत न आणण्यासाठी तो आकडा मुख्याध्यापकांना पुरेसा वाटेल, असे मला वाटते.